संताचे नाव, ओरिशाचा ताल

दिवाळी अंकात टीकालेख म्हणजे फराळाच्या ताटात वाढलेले कारल्याचे काप, असे माझ्या लेखनाविषयी आमच्या घरी म्हटले जाते. म्हणून यंदा विषय निवडला आहे तो गाण्यांचा. आणि ती गाणीही सणाच्या दिवशी, शुभ्र कपडे घालून, चार माणसे जेवू घालून म्हणायची आहेत. फक्त ती आपली नाहीत. ब्राझील देशातील बाहिया प्रांतात आणि रिओ द जानेरो शहरात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची ती भक्तिगीते आहेत, आणि त्या भक्तिगीतांतून निघालेल्या ध्वनिमुद्रिका आहेत. व्यापारी जहाजावर नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी ती मला पुरवतो. म्हापशाचे माझे एक वृद्ध स्नेही, ज्यांचे शालेय शिक्षण पोर्तुगीज अमदानीत झाले, ते शब्दांचा अर्थ लावून देतात. गेली काही वर्षे हा उद्योग चालला आहे, आणि ह्या काळात माझे एका शब्दाशी भांडण जुंपले आहे. तो शब्द म्हणजे ‘समन्वय’.

ह्या गाण्यांविषयी कोठेही काही छापून आलेले पाहा, पहिल्या दोन वाक्यांत तो शब्द भेटतोच: आफ्रिकी देव आणि कॅथलिक संत यांचा समन्वय. शब्द गोड आहे, सभेत टाळी घेणारा आहे. पण त्याने कोणाचे कष्ट झाकले जातात ते पाहिले पाहिजे.

हकीगत थोडक्यात अशी. सुमारे तीन शतकांत अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. गुलामगिरी तेथे कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिकेच्या दोन्ही खंडांत सर्वांत शेवटी. बाहियात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जी माणसे आली त्यांत योरुबा भाषा बोलणारे पुष्कळ होते. त्यांचे देव म्हणजे ओरिशा. वारा आणि वीज यांची स्वामिनी इयांसां, लोखंडाचा व युद्धाचा ओगुम, रानातला शिकारी ओशोसी, गर्जनेचा आणि न्यायाचा शांगो, गोड्या पाण्याची ओशुन, समुद्राची येमांजा, देवीच्या रोगाचा आणि त्यातून बरे करण्याचाही धनी ओमोलू, आणि सर्वांचा शुभ्रवस्त्रधारी वडील ओशाला. ह्यांच्या उपासनेला कांदोंब्ले म्हणतात, व जेथे ती चालते त्या जागेला तेरेइरो, म्हणजे शब्दशः अंगण. माणसांचा बाप्तिस्मा झाला, गळ्यात क्रूस आला, आणि हळूहळू एकेका ओरिशाशेजारी एकेक संत येऊन बसला. विजेपासून वाचवणारी सांता बार्बरा इयांसांच्या शेजारी, अंगभर व्रणांचा लाझारस ओमोलूच्या शेजारी, बाँफिंच्या टेकडीवरचा ख्रिस्त ओशालाच्या शेजारी.

नेहमीचे स्पष्टीकरण असे की, मालकाला दाखवायला संत आणि मनात ओरिशा. हे अर्धेच खरे आहे. साल्वादोर शहरात कृष्णवर्णीयांच्या रोझरी-मातेचे चर्च आजही उभे आहे. अशा चर्चांच्या आश्रयाने गुलामांचे व मुक्त झालेल्यांचे संघ चालत. ते सभासदाच्या प्रेताची नीट व्यवस्था करीत, कोणाच्या सुटकेसाठी पैसे जमवीत. ज्या संताच्या नावाने आपला देह मानाने मातीत जातो, त्याला माणूस नुसता मुखवटा समजत नाही. तेव्हा संतही खरा. मग मिसळले काय?

ह्याचे उत्तर मला शब्दांत सापडले नाही. ते ढोलांत सापडले.

कांदोंब्लेत अताबाके नावाचे तीन ढोल असतात: सर्वांत मोठा रूं, मधला रुंपी आणि लहान ले. जोडीला आगोगो नावाची लोखंडी घंटा. घंटा आणि दोन लहान ढोल ठरलेला ठेका न चुकता धरून ठेवतात. बोलतो तो मोठा, खर्जातला. आपल्या कानाला ह्याची सवय नाही. आपण बोलकेपणा तबल्याच्या चाटेवर शोधतो. येथे घुमाऱ्यात शोधावा लागतो. मोठा ढोल नाचणाऱ्याच्या पावलांशी बोलतो, त्याला वळवतो, थांबवतो. हे ढोल दीक्षा दिलेले असतात. त्यांना नैवेद्य असतो, सणाच्या दिवशी त्यांना वस्त्र बांधतात. आणि मुख्य गोष्ट ही की, प्रत्येक ओरिशाचा ताल वेगळा आहे. शांगोचा आलुजा, भरधाव आणि भांडखोर. ओशुनचा इजेशा, झुलत जाणारा, पाण्यासारखा. ओमोलूचा ओपानिजे, थांबत थांबत, आजाऱ्याने पाऊल टाकावे तसा जड. म्हाताऱ्या ओशालाच्या तालाचे नाव इग्बिं. त्या शब्दाचा अर्थ गोगलगाय, आणि ताल ऐकला की नाव कोणी व का ठेवले ते सांगावे लागत नाही. ताल सुरू झाला की ज्याचा तो ओरिशा त्याच्या माणसाच्या अंगात येतो. आलुजा वाजवावा आणि ओशुन यावी, असे होत नाही.

आता पाहा. ओमोलूचा ताल आहे, लाझारसचा नाही. इयांसांचा आहे, सांता बार्बराचा नाही. संताच्या नावाचा ताल ह्या ढोलांना ठाऊकच नाही. शिवाय संत गावोगाव बदलतात. बाहियात ओगुमच्या शेजारी संत अँथनी आहे आणि ओशोसीच्या शेजारी संत जॉर्ज. रिओत याल तर ओगुमच्या शेजारी जॉर्ज आणि ओशोसीच्या शेजारी बाण लागलेला सेबास्तियन. एका शहरातून दुसऱ्या शहरात गेल्यावर संताची बदली होते, एखाद्या मास्तराची व्हावी तशी. ओरिशा जागेवर राहतो. ह्याला समन्वय म्हणायचे असेल तर म्हणावे. मला तो शेजार वाटतो. दोन घरांमध्ये कुंपण आहे, कुंपणाला फाटक आहे, आणि फाटक कोठे आहे ते दोन्ही घरांना माहीत आहे.

हे फाटक मला सर्वांत स्वच्छ दिसले ते क्लारा नुनेस हिच्या गाण्यात. मिनास प्रांतातली ही मुलगी लहानपणी कापडगिरणीत कामाला होती; पुढे सांबा गाणाऱ्या स्त्रियांत तिचे नाव पहिल्या ओळीत गेले, आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती गेली. पांढरी वस्त्रे, गळ्यात ओरिशांच्या रंगांच्या माळा, अशी ती गायला उभी राही. १९७८ साली निघालेल्या ‘गेरेइरा’, म्हणजे ‘वीरांगना’, ह्या गाण्याच्या शेवटी ती गाणे सोडून देते आणि जयजयकार सुरू करते. आधी संताचे नाव, लगेच त्याच्या जोडीच्या ओरिशाला त्याची स्वतःची ललकारी. पुढची जोडी. पुन्हा पुढची. प्रत्येक ओरिशाची ललकारी वेगळी, आणि बाई एकीचीही अदलाबदल करीत नाही. माझे म्हापशाचे स्नेही चांगले चर्चला जाणारे गृहस्थ आहेत. ते दोनदा ऐकून म्हणाले, “मास्तर, ही दोन्ही घरचे मान देते, पण पत्रावळी वेगळ्या मांडते.” माझ्या साऱ्या टीकेपेक्षा हे वाक्य बरे आहे. दोन नावे एका श्वासात येतात, तरी एका नावात विरघळत नाहीत. त्या गाण्याची सारी शोभा ह्यात आहे, आणि वाद्यवृंदाच्या थोड्या जास्त झालेल्या झगमगाटाबद्दल मी तिला ह्या कारणासाठी क्षमा करतो.

अर्थात सगळ्यांनाच हा शेजार मान्य नव्हता. दियास गोमिस ह्यांचे १९६० चे एक नाटक आहे, ‘नवस फेडणारा’. त्यावरच्या चित्रपटाला १९६२ साली कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. गाढव हेच ज्याचे जिवलग, असा एक खेडूत. वादळात झाड कोसळून गाढव जखमी होते. तो तेरेइरोत जाऊन इयांसांला नवस बोलतो. त्याच्या लेखी ती आणि सांता बार्बरा एकच. गाढव वाचते, आणि हा खांद्यावर क्रूस घेऊन साल्वादोरच्या सांता बार्बराच्या चर्चपर्यंत चालत येतो. नवस कोठे बोललास हे कळताच पाद्री दार लावून घेतो. त्या पायऱ्यांवरच त्याचा अंत होतो. पुढे १९८३ साली नकार दुसऱ्या बाजूनेही आला. बाहियातील पाच मोठ्या तेरेइरोंच्या प्रमुख स्त्रियांनी (त्यांना तेथे ‘मांय’ म्हणतात, आपल्या ‘माय’ला अगदी लागून असलेला शब्द) जाहीर केले की आता संतांची सोबत पुरे, इयांसां ही सांता बार्बरा नव्हे. माय स्तेला ह्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. त्यांचे म्हणणे मला पटते. बाहियात १९७६ पर्यंत तेरेइरोला आपला सण करण्यासाठी पोलिसांचा परवाना काढावा लागे. रिओच्या पोलिसांनी धाडी घालून नेलेल्या पूजावस्तू तर २०२० साली पोलिसांच्या संग्रहातून निघून गणराज्य संग्रहालयात आल्या. ज्यांना हे सोसावे लागले त्यांनी आपल्या देवाला उसने नाव का लावून घ्यावे?

पाद्री म्हणतो नाही, माय म्हणते नाही, आणि मध्ये तो गाढववाला. दोघांचेही शास्त्र बरोबर आहे. पण त्याचे गाढव मरायला टेकले होते, आणि त्याला राखणदार हवा होता. राखणदार शोधणारा माणूस कुळकट विचारीत नाही. जो ऐकेल त्याला तो हाक मारतो. सरमिसळ होते ती येथे, हाक मारणाऱ्याच्या गरजेत. ढोलाला ती गरज कळते, तरी ढोल आपला ताल सोडत नाही.

ह्या राखणदारांत मला सर्वांत विलक्षण वाटतात ते प्रेतो-वेल्यो. (प्रेतो म्हणजे काळा, वेल्यो म्हणजे म्हातारा, आपल्या ‘प्रेता’शी संबंध जोडून घाबरू नये.) कांदोंब्लेहून वेगळा असा उंबांदा नावाचा एक पंथ रिओच्या परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी उदयाला आला. त्याची गाणी साध्या पोर्तुगीज भाषेत असतात, दोन-चार ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यांत ओरिशांच्या जोडीला माणसांचे आत्मे येतात: रानातले मूळनिवासी काबोक्लो, लहान मुले, आणि हे गुलाम म्हातारे. म्हातारा अंगात आला की माणूस वाकतो, बुटक्या बाकावर बसतो, चिलीम ओढतो आणि समोरच्याला ‘माझ्या लेकरा’ म्हणून आशीर्वाद देतो. त्यांचा दिवस १३ मे, गुलामगिरी संपल्याचा. ज्यांच्या पाठीवरच्या चाबकाला कोणी अडवले नाही, त्यांच्याकडे नातवंडे-पणतवंडे संरक्षण मागायला जातात! ही कल्पना ज्या लोकांना सुचली त्यांच्या गाण्यात कवित्व कमी आहे, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सप्टेंबरच्या २७ तारखेला कोस्मे आणि दामियां ह्या जुळ्या संतांच्या नावाने बाहियात घरोघरी कारुरू करतात. भेंडी, सुकी कोळंबी आणि ताडफळाचे लाल तेल घालून रांधलेला हा पदार्थ. भेंडी तेथे आफ्रिकेतूनच गेली. सात मुलांना आधी जेवू घालायचे, मग मोठ्यांची पंगत. शेजारी योरुबांचे जुळे देव इबेजी आहेतच. आमच्या घरी भेंडीला नाक मुरडणाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी.

आता टीकाकाराचे मुख्य काम. ही गाणी तेरेइरोच्या अंगणातून बाहेर पडून ध्वनिमुद्रिकेवर गेली तेव्हा काय झाले? मी एकच कसोटी लावतो. गाणे देवाविषयी आहे, की देवाला मारलेली हाक आहे?

ह्या कसोटीवर सर्वांत गाजलेली मुद्रिका मला सर्वांत कच्ची वाटते, हे सांगताना जीभ अडखळते. ‘आफ्रो-सांबा’, १९६६. शब्द विनिसिउस द मोराइस ह्यांचे. ते कवी आणि परराष्ट्र खात्यातील अधिकारी. स्वर आणि गिटार बाडेन पॉवेल ह्यांचे. (वडिलांनी बालवीर चळवळीच्या संस्थापकाचे नाव मुलाला ठेवले होते, मुलगा निघाला गिटारवादक.) बाडेन बाहियात जाऊन तेथले ढोल ऐकून आले होते, आणि त्यांच्या उजव्या हातात ते ढोल खरोखर उतरले आहेत. खर्जाच्या तारेवर त्यांचा अंगठा पडतो तेव्हा रूं बोलतो असे वाटते. पण शब्द? पहिलेच गीत ओसान्याचे. ओसान्या हा पानांचा, औषधींचा धनी. त्याच्या पानांवाचून कांदोंब्लेतला कोणताही विधी होत नाही. कवीने त्याला प्रेमाच्या जादूटोण्यात फसवणारा करून टाकले आहे. वैद्यराजाला बोलवावे आणि त्याला वशीकरणाच्या पुड्या विकायला बसवावे, तसे हे झाले. मुद्रिकेवर आठ गीते आहेत, आणि एशूचे गीत सर्वांत शेवटी आहे. एशू म्हणजे तिठ्याचा देव, निरोप्या. त्याला प्रथम संतुष्ट केल्याशिवाय तेरेइरोत एकही गाणे सुरू होत नाही. आपल्याकडे गणपतीला भैरवीनंतर आणून बसवावे, असा हा क्रम. ही अडाणीपणाची चूक आहे असे मी म्हणत नाही. कवीला विधी करायचा नव्हता, दिवाणखान्यात बसलेल्यांना काही सांगायचे होते. ते त्याने उत्तम सांगितले आहे. येथे ओरिशा हे मनोवृत्तींचे नाव झाले आहेत: ही आसक्ती, हा विरह, ही खंत. संगीत इतके सुंदर आहे की हे ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली.

गंमत पुढेच आहे. बाडेन उत्तरायुष्यात एका कडव्या प्रॉटेस्टंट पंथाकडे वळले, आणि आपल्याच जुन्या गाण्यांतला ‘सारावा’ हा ओरिशांच्या उपासकांचा नमस्कार उच्चारीनासे झाले. रसिक हळहळले. मला मात्र वाटते की त्या नकारातच त्या शब्दाची खरी किंमत प्रथम मोजली गेली. ज्याला हाक ऐकली जाते असे वाटते, तोच ती मारायला कचरतो.

ह्याच्या उलट उदाहरण साल्वादोरच्या गोदी कामगारांचे, आणि ते आपल्या घराजवळचे आहे. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढच्याच वर्षी, १९४९ च्या फेब्रुवारीत, तेथल्या कार्निव्हलच्या वेळी बंदरावर माल चढवणाऱ्या हमालांनी एक मेळा काढला आणि नाव ठेवले ‘फिल्योस द गांधी’, गांधींची लेकरे. पांढरे कपडे, डोक्याला पांढरे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा. बरोबर हत्ती आणि उंट ह्यांच्या प्रतिकृती. वाजवतात काय? ओशुनचा इजेशा. आणि रस्त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी एशूला त्याचा वाटा देतात. म्हणजे बॅरिस्टर कवीला जो क्रम पाळावासा वाटला नाही, तो हमालांनी पाळला. विनिसिउस कायदा शिकलेले होते म्हणून हा शब्द वापरला, राग नसावा. गांधीजींना ओरिशांच्या तालावर चालवलेले पाहून येथल्या कोणा सोवळ्या माणसाला चमत्कारिक वाटेल. मला तसे वाटले नाही. शांततेने चालायचे आहे, पोलिसांची नजर आहे, तेव्हा पुढे कोणी तरी राखणदार हवा. त्यांनी शुभ्र वस्त्रातला एक परदेशी वृद्ध निवडला. जिल्बेर्तो जिल ह्यांनी ह्या मेळ्यावर एक गाणे रचले, ते जॉर्ज बेन ह्यांच्याबरोबर १९७५ साली काढलेल्या मुद्रिकेवर आहे. त्यात कवी ओरिशांना हाका मारमारून खाली बोलावतो: या, गांधींची लेकरे पाहायला या. कसोटीला उतरणारे गाणे!

ह्याच जॉर्ज बेन ह्यांनी त्याच वर्षी ‘कॅपाडोशियाचा जॉर्ज’ हे गाणे मुद्रित केले. ते मला ह्या साऱ्या परंपरेचे शिखर वाटते, आणि त्यात ओरिशाचे नावही नाही. संत जॉर्जची जुनी लोकप्रार्थना त्यात गुंफली आहे. रामरक्षा म्हणून निजणाऱ्या घरांना ही जात समजावून सांगायला नको. हे कवच आहे. फरक एवढाच की रामरक्षेत आपण आपले अवयव एकेक करून रामाच्या स्वाधीन करतो, आणि येथे गाणारा संताची वस्त्रे व शस्त्रे अंगावर चढवून शत्रूचे अवयव एकेक करून निकामी करतो. त्याचे हात, पाय, डोळे, मग त्याची हत्यारे. ‘बंद केलेले अंग’ असा तेथे शब्द आहे: सुरी, गोळी आणि दृष्ट ह्यांना आत शिरू न देणारे शरीर. रिओत हे गाणे लागले की जॉर्ज कोण आणि ओगुम कोण हा प्रश्न कोणी विचारीत नाही. २३ एप्रिलला, जॉर्जच्या दिवशी, पहाटे फटाके वाजतात, लोक लाल-पांढरे कपडे घालून चर्चला जातात. २००८ पासून रिओ राज्यात त्या दिवशी सुटी असते.

बेन ह्यांचा आवाज हसरा आहे. शत्रू कोण ते तो सांगत नाही. ते सांगितले साओ पाउलोच्या गरीब वस्त्यांतल्या चार कृष्णवर्णीय तरुणांनी. रासिओनाइस हे त्यांच्या मंडळीचे नाव. १९९२ साली त्या शहरातल्या कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले. १९९७ साली ह्या मंडळींची ‘नरकात तग धरून’ ही मुद्रिका आली. तीत त्या कत्तलीवर एक दीर्घ गाणे आहे. पण मुद्रिका उघडते ती ‘कॅपाडोशियाच्या जॉर्ज’ने. हसू गेलेले आहे. ठेका धिमा, आवाज जवळून, दबका, दाराला कडी लावून म्हणावे तसा. बावीस वर्षांपूर्वीचे गाणे त्यांनी पुन्हा प्रार्थना करून टाकले, आणि ते अंगावर चढवूनच पुढच्या गाण्यांत पाऊल टाकले. एशूचा मान जसा पहिला, तसा येथे जॉर्जचा; तो कोणी शिकवला असेल असे नाही.

ह्या मुद्रिकेतील शब्द २०१८ साली पुस्तकरूपाने निघाले, आणि कांपिनास येथील विद्यापीठाने २०२० च्या प्रवेशपरीक्षेसाठी ती आवश्यक वाचनात लावली. माझा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यात गेला. तेव्हा पुढचे काय झाले असेल ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. परीक्षक विचारतो: ह्यातील धार्मिक समन्वयाचे स्वरूप स्पष्ट करा, गुण पाच. तिसऱ्या बाकावर त्याच वस्तीतला एखादा मुलगा बसलेला आहे, शर्टाच्या आत घोड्यावर बसलेल्या संताचे पदक आहे, आणि उत्तराची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्याने ते चिमटीत धरले आहे.